ब्लूजचे दोन गंधार

ब्लूजमधला सोलो मायनर पेंटाटॉनिक नावाच्या एका पाचस्वरी स्केलमधून वाजवायचा असतो, हा समज गिटार शिकणाऱ्यांत फार खोल रुजला आहे. शिकवण्याची पद्धतही त्याला धरूनच असते. पाचव्या फ्रेटवरचा एक बॉक्स, म्हणजे बोटे ठेवण्याची एक ठरावीक आकृती, पाठ करून घेतला जातो, ए स्वरातला बॅकिंग ट्रॅक लावला जातो आणि या बॉक्समधला कोणताही स्वर बाराही बारमध्ये कुठेही चालतो, असे आश्वासन दिले जाते. मेजर पेंटाटॉनिकची ओळख झालीच तर ती बऱ्याच उशिरा होते, तीही तोच बॉक्स तीन फ्रेट मागे सरकवून मिळणारा एक गोडसर, कंट्री वळणाचा पर्याय म्हणून. या पद्धतीमुळे नवख्याच्या हातून लवकर काहीतरी सुरेल वाजते, हे तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण ब्लूज म्हणजे काय, या प्रश्नाचे जे उत्तर ती देते ते चुकीचे आहे. ब्लूजचा सोलो दोन गंधारांच्या दरम्यान वावरतो, आणि त्यातला कोणता गंधार कुठे लागावा हे त्या क्षणी खाली वाजणारा कॉर्ड ठरवतो. दोन्ही पेंटाटॉनिक ही या एकाच भाषेची अर्धी-अर्धी अक्षरे आहेत. त्यातले एक अर्धे शिकवून भाषा पूर्ण झाल्याचे सांगणे म्हणजे विद्यार्थ्याची फसगत आहे.

विषय नेमका करण्यासाठी ए हा षड्ज धरावा. ए मायनर पेंटाटॉनिकचे स्वर ए, सी, डी, ई, जी; म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. ए मेजर पेंटाटॉनिकचे स्वर ए, बी, सी शार्प, ई, एफ शार्प. म्हणजे सा, रे, शुद्ध ग, प, ध. हिंदुस्थानी संगीताच्या कानाला पहिल्या संचात धानीचे स्वर ऐकू येतील, दुसऱ्यात भूपाचे. साथीला बारा बारचे आवर्तन असते. पहिले चार बार ए सेव्हन, पाचवा आणि सहावा डी सेव्हन, सातवा-आठवा पुन्हा ए सेव्हन, नववा ई सेव्हन, दहावा डी सेव्हन आणि शेवटचे दोन ए सेव्हन, ज्यांत परतीसाठी बहुधा ई सेव्हनचा स्पर्श होतो. ए सेव्हनमध्ये ए, सी शार्प, ई, जी हे स्वर असतात; डी सेव्हनमध्ये डी, एफ शार्प, ए, सी; आणि ई सेव्हनमध्ये ई, जी शार्प, बी, डी.

कॉर्डची ओळख पटवणारे स्वर दोन: त्याचा तिसरा आणि सातवा. मूळ स्वर बास वाजवतोच, आणि पाचवा स्वर कॉर्डला बळ देतो, पण त्याच्यावरून कॉर्ड ओळखता येत नाही. ए सेव्हनचे हे दोन स्वर सी शार्प आणि जी. डी सेव्हनचे एफ शार्प आणि सी. आता दोन्ही पेंटाटॉनिक यांच्याशेजारी ठेवून पाहावीत. सी शार्प मेजरमध्ये आहे, जी मायनरमध्ये. एफ शार्प मेजरमध्ये आहे, सी मायनरमध्ये. म्हणजे ब्लूजमधल्या पहिल्या दोन कॉर्डांपैकी कोणत्याही कॉर्डची पूर्ण ओळख कोणत्याही एका पेंटाटॉनिकमध्ये सापडत नाही. दर वेळी एक स्वर इकडून आणि एक तिकडून घ्यावा लागतो. शिवाय चौथ्या बारमधून पाचव्यात जाताना सी शार्प अर्धा स्वर उतरून सी होतो आणि जी अर्धा स्वर उतरून एफ शार्प होतो. बारा बारच्या आवर्तनातला सर्वांत महत्त्वाचा बदल या दोन लहान पावलांत सामावलेला आहे. जो वादक एकाच बॉक्समध्ये थांबतो त्याला यातले एकही पाऊल टाकता येत नाही.

'या बॉक्समध्ये काही चुकत नाही' या आश्वासनाचा अर्थ इथे उलगडतो. डी सेव्हनवर ए मायनर पेंटाटॉनिक वाजवले तर त्यातला डी हा कॉर्डचा मूळ स्वर, ए पाचवा, सी सातवा, ई नववा आणि जी चौथा. तिसरा स्वर, एफ शार्प, त्यात नाहीच. कॉर्डच्या सर्वांत बोलक्या स्वराला बगल दिल्यामुळे काही खटकत नाही आणि त्याच कारणाने काही सांगितलेही जात नाही. ए सेव्हनवर मात्र बॉक्समधला सी साथीतल्या सी शार्पला थेट घासतो. ब्लूजच्या कानाला ते घासणे हवेसे वाटते, त्यामुळे तेही चूक ठरत नाही. या दोन सवलतींना नियम मानले गेले आहे. खरी कसोटी सोपी आहे: साथ बंद करून सोलो एकटाच ऐकावा. आवर्तन कुठे आहे, चौथ्या स्वरावरचा कॉर्ड, म्हणजे डी सेव्हन, कधी आला, परत षड्जावर कधी उतरले, हे ऐकणाऱ्याला नुसत्या सुरावटीतून कळत असेल तर तो सोलो त्या बारा बारांचा आहे. बॉक्समधला सोलो कोणत्याही बारवर उचलून ठेवता येतो, आणि नेमका तोच त्याचा दोष आहे.

कॉर्ड बदलला की गंधार बदलावा, ही गोष्ट हार्मनीच्या पुस्तकातून ब्लूजवर लादलेली नाही. ती गाण्याच्या रचनेतूनच येते. ब्लूजचे कडवे बहुधा तीन ओळींचे असते: पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग उत्तर देणारी तिसरी ओळ. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात. गायक साधारण पहिले दोन बार घेतो, उरलेल्या जागेत वाद्य जबाब देते. दुसरी ओळ पाचव्या बारला सुरू होते, म्हणजे नेमकी डी सेव्हन येतो त्या जागी. शब्द तेच, चाल जवळपास तीच, पण खालची जमीन हललेली असते. पहिल्या ओळीत शुद्ध गंधाराकडे झुकलेला आवाज अनेकदा दुसऱ्या ओळीत कोमल गंधारावर उतरतो, आणि तीच ओळ अधिक जड होऊन ऐकू येते. सोलो वाजवणारा वादक या गायकाचीच नक्कल करत असतो. ही पुनरुक्ती आणि तिच्यातला हा छोटा बदल ज्याला ऐकू आला त्याला स्केलची नावे माहीत नसली तरी चालतात; ज्याला ऐकू आला नाही त्याला बाराही स्केल पाठ असून उपयोग नाही.

'मूळ स्वर कोमल गंधार, शुद्ध गंधार ही नंतरची सजावट' असेही सांगितले जाते. इतिहास आणि वाद्यांची बनावट दोन्ही याच्या विरोधात आहेत. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१४ साली 'सेंट लुई ब्लूज' छापले तेव्हा मेजर सुरावटीत तिसरा आणि सातवा स्वर कोमल करून लिहिले. १९४१च्या आत्मचरित्रात त्यांनी त्याचे कारण दिले आहे: दक्षिणेतले कृष्णवर्णीय गायक याच दोन स्वरांवर जोर देत आणि मेजर-मायनरच्या दरम्यान घसरत, ते त्यांना कागदावर आणायचे होते. हँडी यांच्यापुढे शुद्ध गंधार आधीच होता. तो हलतो, एका जागी बसत नाही, हे दाखवणे त्यांना भाग होते. पुढे जेफ टॉड टायटन यांनी १९७७च्या 'अर्ली डाउनहोम ब्लूज' या पुस्तकात जुन्या ध्वनिमुद्रणांचे स्वरलेखन तपासले आणि गंधाराला एक स्वर न मानता जवळजवळच्या अनेक स्थानांचा पुंजका मानले. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पियानोवर कोमल गंधार ३०० सेंटवर आणि शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो. नैसर्गिक प्रमाणांनी तेच स्वर ३१६ आणि ३८६ सेंटच्या आसपास येतात. ब्लूज गायकाचा गंधार या सगळ्या पट्ट्यात फिरतो, आणि कित्येकदा मधोमध, ३५० सेंटच्या आसपास रेंगाळतो. हा मधला स्वर कोणत्याही पेंटाटॉनिकच्या आकृतीत लिहिलेला नसतो.

वाद्ये त्या मधल्या जागेवर वेगवेगळ्या बाजूंनी पोचतात. पियानोवादकाला मधला स्वर मिळतच नाही, म्हणून तो काळ्या पट्टीवरून पांढऱ्या पट्टीवर बोट घसरवतो किंवा दोन्ही गंधार एकदम चिरडतो. गिटारची तार ताणली की स्वर फक्त चढतो, म्हणून गिटारवादक सी पासून सुरू करून सी शार्पकडे पाव स्वर ओढतो. माउथ ऑर्गनचे उलटे आहे. ब्लूज वाजवताना सी स्वरातला माउथ ऑर्गन जी स्वरासाठी घेतला जातो. त्यात तिसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढला की बी येतो, जो जी चा शुद्ध गंधार आहे, आणि तोंडाच्या आतल्या आकाराने तो खाली वाकवून कोमल गंधार काढावा लागतो. लिटल वॉल्टरच्या परंपरेतल्या वादकाच्या हातात आधी शुद्ध गंधारच असतो. एक वाद्य खालून चढते, दुसरे वरून उतरते आणि दोन्ही एकाच जागी भेटतात. मायनर पेंटाटॉनिक हा ब्लूजचा पाया वाटतो त्याचे एक कारण गिटारच्या तारा वर ताणल्या जातात हे आहे.

याला जोडूनच दुसरा एक गैरसमज आहे. पाठ्यपुस्तकांतले 'ब्लूज स्केल' म्हणजे मायनर पेंटाटॉनिकमध्ये तीव्र मध्यम, ए स्वरात ई फ्लॅट, मिसळून होणारा सहा स्वरांचा संच; आणि तो तीव्र मध्यम हीच 'ब्लू नोट' असे विद्यार्थ्याला सांगितले जाते. हा स्वर ब्लूजमध्ये लागतो, पण बहुतेक वेळा मध्यम आणि पंचम यांच्यामधल्या वाटेवरचा म्हणून. त्याच्यावर थांबून ओळ पुरी करणारे सोलो शोधावे लागतील. हँडी यांनी ज्या दोन स्वरांवर बोट ठेवले ते तिसरा आणि सातवा. ब्लू नोटचे मुख्य घर गंधारात आहे, आणि तो विषय शिकवायचा राहून तीव्र मध्यमाचे एक झटपट साधन विद्यार्थ्याच्या हाती येते.

थोर वादकांनी फक्त मायनर पेंटाटॉनिक वाजवले, हा दावा तर त्यांच्या ध्वनिमुद्रणांसमोर उभाच राहत नाही. लुई आर्मस्ट्राँगचे २८ जून १९२८ चे 'वेस्ट एंड ब्लूज' कॉर्डचे स्वर उलगडत जाते. टी-बोन वॉकरने १९४७ साली 'कॉल इट स्टॉर्मी मंडे' मुद्रित केले, त्यात नाइन्थ कॉर्डची साथ आहे आणि गिटारची सुरावट त्या कॉर्डांच्या रंगाने चालते. चार्ली पार्करचे 'नाउज द टाइम' १९४५चे. तेही बारा बारचेच ब्लूज आहे. फ्रेडी किंगने १९६० साली मुद्रित केलेल्या 'हाइड अवे'मध्ये शुद्ध गंधार आणि धैवत उघडपणे आहेत. चक बेरीच्या १९५८च्या 'जॉनी बी. गुड'मधली गिटार दोन्ही पेंटाटॉनिक एकाच श्वासात मिसळते. एरिक क्लॅप्टनने क्रीम या त्रयीसह १० मार्च १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये वाजवलेले 'क्रॉसरोड्स' रॉक गिटारवादक आदर्श मानतात. तो सोलो ए स्वरात आहे आणि ए मायनर व ए मेजर पेंटाटॉनिक त्यात एकमेकांत सतत येत-जात राहतात. ज्यांचे नाव घेऊन बॉक्स शिकवला जातो त्यांनी तो बॉक्स केव्हाच ओलांडला होता.

बी. बी. किंग यांचे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्यांच्या हातातली रचना हा या सगळ्या वादाचा निकाल आहे. गिटारवादक ज्याला 'बी. बी. बॉक्स' म्हणतात तो ए स्वरात दुसऱ्या तारेच्या दहाव्या फ्रेटवर, म्हणजे ए वर, पहिले बोट ठेवून सुरू होतो. त्याच तारेवर बाराव्या फ्रेटला बी आहे. पहिल्या तारेवर दहाव्या फ्रेटला डी आणि बाराव्याला ई. तिसऱ्या तारेवर अकराव्या फ्रेटला एफ शार्प. सगळा मिळून हाताच्या पंजाएवढाही पसारा नाही. आता दुसऱ्या तारेवरचा बी अर्धा स्वर ताणला की सी मिळतो, पूर्ण स्वर ताणला की सी शार्प, आणि मध्ये थांबले की गायकाचा तो मधला गंधार. एकाच फ्रेटवर, एकाच बोटाखाली दोन्ही गंधार आणि त्यांच्यामधली सगळी जागा. ए सेव्हन वाजत असताना बी पूर्ण ताणून सी शार्पवर पोचायचे. पाचव्या बारला डी सेव्हन आला की तोच बी अर्धाच ताणायचा, म्हणजे सी मिळेल आणि तो डी सेव्हनचा सातवा स्वर आहे. तिसऱ्या तारेवरचा एफ शार्प पहिल्या कॉर्डवर धैवत म्हणून गोडवा आणतो आणि डी सेव्हनवर तोच त्या कॉर्डचा गंधार होतो. बोट हलत नाही. ताण बदलतो, अर्थ बदलतो. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये मुद्रित झालेले 'लाइव्ह अ‍ॅट द रीगल' ऐकताना ही अर्ध्या-पूर्ण ताणाची भाषा सतत कानावर येते. या बॉक्सला मायनर म्हणावे की मेजर, हा प्रश्नच त्याच्यासमोर निरर्थक होतो.

याच्या उलट 'तीन फ्रेट मागे सरका' हा उपाय. गणिताने तो बरोबर आहे. ए मेजर पेंटाटॉनिक आणि एफ शार्प मायनर पेंटाटॉनिक यांचे स्वर एकच असल्यामुळे पाचव्या फ्रेटवरची आकृती दुसऱ्या फ्रेटवर नेली की मेजरचे स्वर मिळतात. अडचण हाताच्या सवयीची आहे. जुन्या बॉक्समध्ये सहाव्या तारेवर पहिल्या बोटाखाली षड्ज होता. सरकलेल्या बॉक्समध्ये तिथे एफ शार्प येतो आणि षड्ज करंगळीखाली जातो. बोटे मात्र जुन्याच जागी विसावतात, आणि मग सोलो ए ऐवजी एफ शार्पवर उतरत राहतो. दुसरी सवय तार ताणण्याची. पाचव्या फ्रेटवरच्या बॉक्समध्ये तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट पूर्ण ताणून डी चा ई करायचा असतो आणि ते कुठेही चालते. सरकलेल्या बॉक्समध्ये तीच कृती चौथ्या फ्रेटवर बी चा सी शार्प करते. ए सेव्हनवर हे सुंदर लागते, डी सेव्हनवर साथीतल्या सी शी भांडते. विद्यार्थ्याला वाटते की मेजर पेंटाटॉनिक 'या ट्रॅकवर चालत नाही'. ते चालते, फक्त पाचव्या-सहाव्या बारला आणि दहाव्याला तार अर्धीच ताणायची, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

थोडे पुढे गेलेल्या शिक्षकांकडे एक सुधारित नियम असतो: पहिल्या कॉर्डवर (ए सेव्हन) मेजर पेंटाटॉनिक, चौथ्या स्वरावरच्या कॉर्डवर (डी सेव्हन) मायनर. एका बॉक्सच्या तुलनेत ही मोठीच प्रगती आहे, कारण तिने निदान गंधार बदलतो. तरीही तो नियम अर्धवट आहे. पहिल्या कॉर्डवर फक्त मेजर वाजवले तर ए सेव्हनचा कोमल निषाद हरवतो आणि ब्लूजऐवजी निव्वळ गोड सुरावट उरते. चौथ्या कॉर्डवर फक्त मायनर वाजवले तर डी सेव्हनचा तिसरा स्वर, एफ शार्प, हरवतो, आणि तो तर आधीच्या बॉक्सचाच दोष होता. 'मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी' ही विभागणीही इथे टिकत नाही. ब्लूजमधली वेदना अनेकदा शुद्ध गंधारापर्यंत न पोचणाऱ्या ताणात असते. ज्या स्वराकडे ओढ आहे तो शुद्ध गंधार कानात नसेल तर कोमल गंधाराला ती ओढ कुठून यावी?

मग दोन्ही एकत्र करून आठ स्वरांचे एकच स्केल का मानू नये, अशी सूचना येते. ए, बी, सी, सी शार्प, डी, ई, एफ शार्प, जी: खमाज थाट आणि वर कोमल गंधार. यादी म्हणून ती बिनचूक आहे, मार्गदर्शन म्हणून रिकामी आहे. मराठी श्रोत्याला हे वेगळे समजावण्याची गरज नसावी. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच आहेत. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत, आणि एक सायंकाळचा तर दुसरा सकाळचा होतो. स्वरांची यादी म्हणजे राग नव्हे, हे ज्या संस्कृतीत साधा श्रोताही जाणतो तिथे 'ब्लूज म्हणजे धानीच की' असे कोणी म्हणावे, हे खेदाचे आहे. दोन गंधारांच्या बाबतीत तर जोग हे नेमके उदाहरण आहे. त्यात चढताना शुद्ध गंधार लागतो आणि उतरताना शेवटी शुद्ध गंधारावरून मध्यमाला स्पर्श करून कोमल गंधारामार्गे षड्जावर येतात. दोन्ही गंधार आहेत, पण जागा ठरलेल्या आहेत. जोग आणि ब्लूज यांचे नाते सांगण्याचा इथे हेतू नाही. जोगातली जागा रागाचे चलन ठरवते, ब्लूजमधली जागा कॉर्ड आणि बार ठरवतात. ए सेव्हनवर लागलेला सी पुढे सी शार्पकडे चढतो किंवा ए वर उतरतो. डी सेव्हनवर सी शार्प फार तर पुढच्या स्वराकडे जाताना निसटता लागतो, त्यावर ठाण मांडता येत नाही. हे चलन आठ स्वरांच्या यादीत कुठेही लिहिलेले नाही.

उरतो भावनेचा मुद्दा. जुन्या वादकांना कॉर्ड, गंधार वगैरे काही माहीत नव्हते, ते मनापासून वाजवत. म्हणून विश्लेषण ब्लूजला मारते, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद नम्रतेच्या वेशात येतो, पण त्याने त्या कलावंतांचा अपमानच होतो. बी. बी. किंग मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए रेडिओवर निवेदक होते, रोज रेकॉर्ड लावत आणि ऐकत. लॉनी जॉन्सन, टी-बोन वॉकर, चार्ली ख्रिश्चन आणि जँगो राइनहार्ट यांना ते आपले आदर्श मानत. यातले शेवटचे दोघे जॅझचे. हा कान घडवलेला होता. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून आलेल्या माणसाने जे केले ते केवळ भावनेच्या भरात केले, त्यात विचार आणि कसब नव्हते, असे मानण्यामागे कृष्णवर्णीय कलावंतांबद्दलचा एक जुना आणि अन्यायकारक समज आहे. भावना त्यांच्याकडे होतीच. ती कुठल्या बारला, किती ताणलेल्या तारेवर ठेवायची हेही त्यांना पक्के माहीत होते.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार अल्बर्ट किंग. १९६७च्या 'बॉर्न अंडर अ बॅड साइन'मधले त्याचे वादन बहुतांशी मायनर पेंटाटॉनिकच्या फ्रेटवर घडते, हे खरे. पण तो डावखुरा होता, उलट्या लावलेल्या तारा खाली ओढून ताणायचा, आणि एका फ्रेटवरून लागोपाठ कितीतरी वेगळे स्वर काढायचा. त्याने वापरलेले फ्रेट मोजले म्हणजे त्याने लावलेले स्वर मोजले असे होत नाही. त्याच्या कोमल गंधाराचा प्रवास बहुधा वरच्या दिशेनेच चाललेला असतो.

मायनर पेंटाटॉनिक खरोखर पुरेसे ठरते अशा जागा आहेत, आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. साथच मायनर असेल तर शुद्ध गंधार बेसूर होतो. रॉय हॉकिन्सचे १९५१चे 'द थ्रिल इज गॉन' बी. बी. किंग यांनी १९६९ साली बी मायनरमध्ये वाजवले आणि तिथे त्यांच्याही सुरावटीचा पाया मायनरच आहे. हाउलिन वुल्फच्या १९५६च्या 'स्मोकस्टॅक लाइटनिंग'सारख्या एकाच कॉर्डवर चालणाऱ्या गाण्यात कॉर्ड बदलण्याचा प्रश्नच येत नाही. तिसरी जागा रॉकची. अ‍ॅम्प्लिफायर जोरात फाटला की कॉर्डचा तिसरा स्वर गढूळ होतो, म्हणून रॉक गिटारवादक फक्त मूळ आणि पाचवा स्वर वाजवू लागले. साथीतून गंधारच गेला, त्यामुळे वरच्या सोलोत कोमल गंधाराला हरकत घेणारे कोणी उरले नाही. एका बॉक्सची शिकवण या संगीताला चपखल बसते. ती तिथून उचलून टी-बोन वॉकर आणि बी. बी. किंग यांच्या ब्लूजवर लावली गेली, आणि छापायला सोपी असलेली आकृती सगळीकडे पसरली. सगळा गोंधळ इथून सुरू झाला.

शिकवण्याचा क्रम त्यामुळे उलटा करायला हवा. विद्यार्थ्याने आधी बारा बार नुसते गुणगुणावेत, पहिली ओळ ए सेव्हनवर आणि तीच ओळ डी सेव्हनवर, गंधार उतरवून. मग गिटारवर फक्त दोन स्वर द्यावेत: पहिल्या चार बारांत सी शार्प, पाचव्या-सहाव्यात सी, पुन्हा सी शार्प. त्यानंतर दुसरी जोडी, जी आणि एफ शार्प. या चार स्वरांनी आवर्तनाचा सांगाडा ऐकू येऊ लागला की बी. बी. बॉक्समधला बी ताणायला द्यावा, आधी अर्धा, मग पूर्ण, मग मधला. पाचव्या फ्रेटवरचा बॉक्स त्याच्या नंतर यावा, तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटच्या सी वरून सहाव्या फ्रेटच्या सी शार्पवर बोट आपटून दुसऱ्या तारेच्या ई वर जाण्याच्या सवयीसकट. टर्नअराउंडमध्ये, म्हणजे परतीच्या शेवटच्या दोन बारांत, वरचा षड्ज धरून खाली जी, एफ शार्प, एफ, ई असे अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी उतरणे त्यापुढचे. नवव्या बारमधल्या ई सेव्हनचा जी शार्प सर्वांत शेवटी द्यावा, कारण तो दोन्ही पेंटाटॉनिकच्या बाहेरचा आहे. दहाव्या बारमध्ये त्याला जी वर उतरवता येते किंवा अकराव्यासाठी राखून थेट ए वर चढवता येते, आणि दोन्ही वाटा कानाने पारखून निवडायच्या असतात.